खुलासा : पापडवाल्या ताईंसाठी, ‘२५ टक्के’च्या मेसेजबद्दल

‘सरकारी खरेदीत महिलांना २५ टक्के राखीव, ५०० रुपये भरा, ऑर्डर घरी येईल’ हा मेसेज जळगाव-भुसावळकडे फिरतोय. काल शेजारच्या काकूंनी पापड लाटता लाटता, पिठाच्या हातानेच तो मला दाखवला.

केंद्राचा २०१२ चा खरेदी आदेश आणि २०१८ ची दुरुस्ती मी वाचली आहे. २५ टक्के सगळ्या सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचे. त्यातले ३ टक्के महिलांचे. तेही केंद्राची खाती आणि कंपन्यांपुरतेच, म्हणजे भुसावळची रेल्वे त्यात येते. टेंडर भरावंच लागतं, पण अनामत माफ असते. सर्वात कमी दर १०० असेल, तो सूक्ष्म-लघु उद्योगाचा नसेल आणि तुमचा ११५ पर्यंत असेल, तर १०० ला ऑर्डरचा काही भाग द्यायची संधी मिळते. ही खरी कामाची गोष्ट मेसेजमध्ये नाहीच!

यासाठी लागणारी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर मोफत आहे. पैसे देऊ नका, मेसेज पुढे पाठवू नका.