प्रशिक्षण विभागाला कात्री लावण्यापूर्वी

आज दुपारी आमच्या गोव्यातल्या औषधांच्या कारखान्यात पुढच्या वर्षाच्या खर्चाची बैठक झाली. पहिली कात्री कोठे लावायची, असा प्रश्न निघताच एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी क्षणभरही न थांबता सांगितले, "प्रशिक्षणाला. चहा-समोसे आणि प्रमाणपत्रे यांपलीकडे तिथे होते तरी काय?" सगळे हसले. ज्यांच्या कामाविषयी हे बोलणे चालले होते, त्या प्रशिक्षण विभागाच्या मॅडमना बैठकीला बोलावलेच नव्हते. मी मात्र तिथे होतो आणि मी गप्प बसलो. संध्याकाळपासून त्या हशाचा आणि माझ्या गप्प बसण्याचा संताप डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी गुणवत्ता विभागात काम करतो. या मॅडम चार वर्षांपूर्वी रुजू झाल्या, तेव्हा माझेही मत आजच्या हसणाऱ्यांपेक्षा वेगळे नव्हते. कंपनीच्या बसमध्ये मी म्हापशाला चढतो, त्या पर्वरीला चढतात आणि बाणस्तारीचा पूल ओलांडून कुंडईला पोहोचेपर्यंत बोलायला भरपूर वेळ मिळतो. सुरुवातीचे काही महिने आम्ही केवळ नमस्कार करत होतो. पुढे एकदा त्यांच्या मांडीवरची वही माझ्या नजरेस पडली. त्या वहीत प्रत्येक कामगाराचे एक पान होते. पानावर चुकांची नोंद नव्हती. कोणाचा हात कोणत्या यंत्रावर बसला आहे, कोण नवख्याला न रागावता शिकवतो, कोण गावच्या भजनात पखवाज वाजवतो, असे लिहिलेले होते. आमच्या विभागातही प्रत्येक माणसाची फाईल असते, पण तिच्यात तो केव्हा आणि कोठे चुकला, एवढेच सापडते.

आता ती गोष्ट सांगतो, जी आज बैठकीत सांगायला हवी होती.

आमच्या पॅकिंग विभागात सांखळीकडचे एक ऑपरेटर आहेत, वय पन्नाशीकडे झुकलेले. पूर्वी ते खाणीवर टिपर चालवत. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या आणि त्यांचीही नोकरी गेली. ती दोन वर्षे घर कसे चालले, हे त्या भागातल्या वाचकांना मी सांगायला नको. नंतर ते आमच्याकडे लागले आणि ब्लिस्टर मशीनवर, म्हणजे गोळ्या पट्टीत भरणाऱ्या यंत्रावर, तयार झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नोंदी चुकू लागल्या. तापमान बरोबर वाचायचे, पण बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे मालाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदपत्रात, ते एक ओळ खाली लिहायचे. औषधाच्या कारखान्यात अशी चूक म्हणजे डेव्हिएशन, ठरलेल्या पद्धतीपासून ढळणे, आणि डेव्हिएशनवर आमचा ठरलेला उतारा म्हणजे रिट्रेनिंग, तेच प्रशिक्षण पुन्हा. एकदा झाले, दोनदा झाले, तिसऱ्यांदाही झाले. तिन्ही वेळा त्यांनी "वाचले व समजले" याखाली सही केली. तिसऱ्या कागदावर गुणवत्ता विभागाची सही माझी आहे.

चौथ्या वेळी कागद मॅडमकडे गेला, तेव्हा त्यांनी वर्ग घेतला नाही. सलग तीन रात्री त्या रात्रपाळीला जाऊन त्या यंत्राशेजारी उभ्या राहिल्या. तिसऱ्या रात्री त्यांच्या लक्षात आले, की नोंद करताना हा माणूस कागद हाताच्या अंतरावर धरतो, मान मागे घेतो आणि मग अंदाजाने चौकट शोधतो. त्यांनी हळूच विचारले. ते म्हणाले, "म्हाका बारीक दिसना, बाय. पूण कोणाक सांगूं नाका." चाळिशी लागून बरीच वर्षे झाली होती. डोळे कमजोर निघाले तर यंत्रावरून काढतील, एकदा गेलेली भाकरी पुन्हा जाईल, या भीतीने त्यांनी चष्माच केला नव्हता.

मॅडमनी त्या फॉर्मवर लिहिले, "यांना प्रशिक्षणाची गरज नाही. चष्मा हवा, आणि नोंदीच्या चौकटी मोठ्या हव्यात." प्रशिक्षण विभागाने प्रशिक्षण नको म्हणून लिहिलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मूल्यमापन करण्यासाठी सांगितलेल्या चार पायऱ्या मला या मॅडमनीच बसमध्ये समजावून दिल्या: माणसाला वर्ग आवडला का, तो काही शिकला का, त्याचे प्रत्यक्ष काम बदलले का, आणि त्यातून संस्थेचे काही भले झाले का. आपल्याकडे वर्ग संपला, की "कार्यक्रम कसा वाटला" हा फॉर्म भरून घेतात, म्हणजे पहिल्याच पायरीवर बसून राहतात, आणि मग वरची माडी दिसत नाही म्हणून प्रशिक्षणालाच दोष देतात. तिसऱ्या पायरीवर जायचे तर काम चालते त्या जागी जाऊन उभे राहावे लागते, रात्रपाळीलासुद्धा. त्या तीन रात्रींचा भत्ता मॅडमनी मागितलेला नाही, हेही आज हसणाऱ्यांना ठाऊक असायला हवे होते.

हॉटेलात नेऊन चेंडू फेकायला लावणारी आणि शेवटी टाळ्या वाजवून घेणारी प्रशिक्षणे असतात, मीही त्यांत बसलो आहे. ती बंद झाली तर मला दुःख नाही. तपासणीला येणारे अधिकारी प्रशिक्षणाच्या नोंदी मागतात आणि त्यांनी त्या मागायलाच हव्यात, कारण आमची गोळी कोणाच्या तरी पोटात जाते, हेही मान्य. पण त्या तीन सह्यांचा कागद अगदी निर्दोष होता. तपासणीत त्यावर कोणी बोट ठेवले नसते. तरी चूक होतच राहिली असती, आणि एक दिवस तो माणूस घरी बसला असता, त्याला काय झाले होते हे कोणालाही न कळता.

याला खर्च म्हणतात! यंत्राच्या देखभालीला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. यंत्राचा आवाज बदलला तर मध्यरात्री तंत्रज्ञाला उठवतात, आणि माणसाची नजर बदलली तर त्याच्याकडून आणखी एक सही घेतात. हे लिहितानाही मला राग आवरत नाही, आणि त्यातला बराचसा माझ्यावरच आहे. मी तिसऱ्या वेळी सही करताना त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

गेल्या महिन्यात मी त्या विभागात गेलो होतो. आयटीआयमधून नुकतीच आलेली दोन मुले त्या ऑपरेटरजवळ उभी होती. ते चष्मा कपाळावर ढकलून यंत्राकडे पाहत, तो खाली ओढून नोंद करत आणि मुलांना प्रत्येक चौकट बोटाने दाखवत होते. त्यांचे हे शिकवणे मॅडमच्या वहीत कितीतरी आधीच नोंदलेले होते, हे मला नंतर बसमध्ये कळले.

बैठकीचा अंतिम निर्णय शुक्रवारी आहे. ही सगळी हकीकत, माझ्या सहीच्या उल्लेखासह, मी थोड्या वेळापूर्वी लिहून बैठकीतल्या सर्वांना पाठवली आहे. मॅडमना अजून काहीच माहीत नाही. उद्या सकाळी पर्वरीला त्या बसमध्ये चढल्या, की दुपारी मी गप्प बसलो होतो हे मला त्यांना आधी सांगायचे आहे.