हार्ड डिस्क जोडायचीये हो, यज्ञ नाही करायचाय!

जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढून यूएसबीला लावायची, एवढंच तर काम. त्यासाठीच्या डिस्क-ते-यूएसबी केबलच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं, 'सर्व डिस्क चालतात'. पण साडेतीन इंची, म्हणजे डेस्कटॉपच्या डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि यूएसबीतून साधारण ५च मिळतात, हे बारीक अक्षरातसुद्धा सांगत नाहीत. मग ती फिरणार कशी, आरती ओवाळून? म्हणे पॉवर अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्या. अहो, मग खोक्यातच द्या ना!

अडीच इंचीचं, म्हणजे लॅपटॉपच्या डिस्कचं तरी सुख आहे का? यूएसबी २.०चा पोर्ट देणार ५०० मिलिअँपिअर, डिस्कला सुरू होताना बरेचदा त्याहून जास्त हवेत. मग टक्, टक्, टक्. घरचे विचारतात, 'बिघडली का गं?' बिघडली नाहीये, उपाशी आहे ती!

आणि कहर म्हणजे यातल्या काही यूएसबी केबली डिस्कचे सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे कप्पे, ५१२ऐवजी ४०९६ बाइटचे असल्याचं दाखवतात. डिस्क ठणठणीत, पण विंडोजला ती वाचताच येत नाही, मग लगेच विचारणार, फॉरमॅट करू? नको रे बाबा, आत आईबाबांच्या लग्नाचे फोटो आहेत!

जुनी आयडीई, म्हणजे पिनांच्या रुंद जोडणीची डिस्क असेल तर ४० पिना की लॅपटॉपच्या ४४, तेही मोजत बसा. आणि केबल केवढी? वीतभर! डिस्क काय कॉम्प्युटरच्या मागे लोंबकळत ठेवायची?