119/177 म्हणजे मी नेमकं काय केलं?

परवा रात्री मेसेज आला. ई-चलान, दंड 1500 रुपये. गुन्हा काय? 'एमव्हीए 119/177'. बास, एवढंच! हे वाचून माणसाने काय समजायचं?

शेवटी मीच शोधत बसले. मोटार वाहन कायद्याचं कलम 119 म्हणजे वाहतुकीची चिन्हं पाळणं. आणि 177 म्हणजे ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा दिलेली नाही, त्याला सरसकट दंड. मग मी मोडलं काय? सिग्नल? नो एन्ट्री? सगळं त्या एका 119 मध्ये कोंबलंय. फोटो उघडला, तर माझी नंबर प्लेट आणि मागच्या सीटवर दोरीने बांधलेली तांदळाची गोणी. सिग्नल नाही, पाटी नाही, काही नाही!

आणि 1500 का, तर 177 ला पहिल्या वेळी 500 आणि पुन्हा केलं की 1500. म्हणजे आधीचं एक चलान आहेच. ते माझ्या बंद पडलेल्या नंबरवर गेलं होतं. नंबर बदलून घ्यायला हवा होता, ही चूक माझी, मान्य. पण ते उघडलं तर त्यातही 119/177च! दोनदा दंड, आणि दोन्ही वेळा कशाचा ते माहीत नाही.

बाबांचं तर याहून वाईट झालं. त्यांना '50/177' आलं. कायद्यात कलम 50 बघितलं, तर गाडीची मालकी बदलण्याचं. गाडी काकांकडून घेतलेली, त्यामुळे बाबा घाबरलेच. सगळी कागदपत्रं पिशवीत घालून आरटीओत गेले, अर्धा दिवस उन्हात रांगेत उभे राहिले. तिथे कळलं की हे कलम 50 नव्हेच, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 50, नंबर प्लेटचा. प्लेटवरच्या एका आकड्याचा रंग उडाला होता, बाकी काही नाही! सत्तरीच्या माणसाला त्यासाठी इतका जीव टांगणीला लावायचा? 'नंबर प्लेट नीट दिसत नाही' एवढं मराठीत लिहायला किती जागा लागते?

दंड घ्या ना, चुकले असेन तर भरते. पण कुठल्या चौकात, किती वाजता, काय चुकलं ते सरळ शब्दांत लिहा. पुढच्या वेळी तिथे मी सांभाळून जाईन, दंडाचा हेतू तोच आहे ना?

ऑनलाइन तक्रार केली. आज उत्तर आलं: 'चलान योग्य आहे.' कशाबद्दल योग्य, ते याही वेळी लिहिलेलं नाही.