एक मीटर अस्तर आणि चौघी

घरात लग्न पंधरा दिवसांवर आलंय, साडी कपाटात तयार आहे, टेलरनं माप घेतलंय. फक्त ब्लाउजच्या आत लावायला मीटरभर अस्तर हवं. हे काम नवऱ्याला सांगाल तर तो तासाभरात आणून देईल, आणि भलतंच आणेल. एकटीनं जाल तर बरोबर आणाल, पण मग घराबाहेर पडल्याचा उपयोग काय? तेव्हा मैत्रिणींना घेऊनच जा. दोघी गेलात तर काम होऊन जाण्याचा धोका असतो. चौघी बऱ्या. तिघी रिक्षात बसतात आणि चौथी कुणाच्या तरी मांडीवर.

आम्ही तासगावच्या. जवळच्या गावात मिळणारी वस्तू सांगलीतून आणली की तिला आपोआप दर्जा येतो, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. साडेदहाची एसटी ठरवा. साडेदहा म्हणणारी स्वतः अकराला येईल. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासातच बचत सुरू होते. ती बचत परतताना भडंगाच्या पुड्यात जाते, त्याचा हिशोब घरी मांडायचा नाही.

निघताना साडी बरोबर घेऊ नका. तिचा फोटो घ्या, तोही रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला. म्हणजे कापड पेठेतल्या पहिल्याच दुकानात तुमची साडी एकीला राणी दिसेल, दुसरीला गुलबक्षी, तिसरी डाळिंबी म्हणेल आणि चौथी, जी फारशी बोलत नाही, ती म्हणेल, "वांगीच आहे की गं." दुकानदार चारही रंगांचे ताके काढेल. त्याच्या पोऱ्याला स्टुलावर चढवल्याशिवाय खरेदीला रंगत येत नाही. "तो वरचा. नाही, त्याच्या शेजारचा. त्यातच जरा डार्क." पंचवीस-तीस ताके गादीवर उलगडले की एक ताका घेऊन तडक दाराशी जा. दुकानातल्या उजेडात रंग कळत नाही, हे मात्र खरं आहे. तुमच्यामागे दोघीजणी येतील, रस्त्यावरचा मोटारसायकलवाला थांबेल, आणि उन्हात तो रंग पाचवाच निघेल.

पन्ह्याचं, म्हणजे कापडाच्या रुंदीचं, मात्र विचारू नका. ज्यांना चाळीस वर्षांचा शिवणाचा अनुभव आहे अशा बायका पहिल्यांदा पन्हा विचारतात, मग भाव. छत्तीस इंची पन्हा असेल तर मीटरभर घ्यावं लागतं आणि चव्वेचाळीस इंची असेल तर ऐंशी सेंटिमीटरमध्येही भागतं, असलं काहीतरी त्या बोलतात. असल्या बोलण्यानं वीस सेंटिमीटरचे पैसे वाचतात, पण दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा आनंद जातो. तुम्ही आपलं "द्या मीटरभर" म्हणा.

कापड सुती आहे की नाही, हे तपासायचं झालं तर आमच्यातल्या एकीसारखं तपासा. तिनं किनारीचा धागा ओढला, पर्समधून काडेपेटी काढली (देवदर्शनाला जायचं म्हणून आणलेली) आणि दुकानातच पेटवला. खरं सूत कागद जळल्यासारखं जळतं, वास तसाच येतो आणि बोटांत चुरलं की राख होते. हा धागा आक्रसला, थेंबासारखा वितळला आणि गार झाल्यावर टोकाला मोहरीएवढा कडक मणी राहिला. तिनं तो मणी नखावर ठेवून दुकानदारासमोर धरला. त्यानं तो शांतपणे बघितला आणि म्हणाला, "ताई, कॉटनच आहे. त्यात जरा ताकदीसाठी घातलंय." एवढ्या सुंदर उत्तरानंतर कापड न घेणं माणुसकीला धरून झालं नसतं. दीड मीटर घेतलं.

माल कुठला, हे आवर्जून विचारा. जयपूरचा, सुरतचा, अगदी कोलकात्याचा असं ऐकायला मिळेल. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सगळं गाव मागांवर उभं राहिलं. इथून तासाभरावर एवढं कापड विणलं जात असताना सांगलीच्या पेठेत इचलकरंजीचं नाव मात्र कमी घेतलं जातं. गावच्या मालाला कोण विचारतं? त्यालाही बिचाऱ्याला लांबून आल्याचं दाखवावं लागत असेल.

दुपारी उन्हाचा तडाखा वाढला की चौथं दुकान गाठा. इथं थंड पाणी मिळतं आणि चहाही मागवतात. चहा आला की आपण गेलो, हे ओळखा. कप हातात धरून "घरी विचारून येते" म्हणता येत नाही. आम्ही तिथं खण बघायला म्हणून बसलो. चिंतामणी रंगाचा, बारीक नक्षीचा, किनारीला लाल. एकीनं घेतला. दुसरी म्हणाली, छान दिसेल गं तुला, आणि तिनंही घेतला. तिसरीनं, दोघींनी घेतलाय तर वाईट नसणार, या तर्कानं घेतला. मी घेणार नव्हते. पण शेवटचा तुकडा राहिला होता, आणि शेवटचा तुकडा दुसरीच्या हाती पडलेला कुणाला बघवेल?

घरी आल्यावर कापड भिजवून ठेवू नका. सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात ठेवावं, म्हणजे जे आटायचं ते आटून जातं आणि रंग जाणार असेल तर बादलीत कळतो. पण मग पुढं ब्लाउज घट्ट झाला तर "आटलं मेलं" म्हणायची सोय राहत नाही. ती सोय वर्षानुवर्षं उपयोगी पडते, मी सांगते.

लग्नात आम्ही चौघी एका ओळीत बसलो होतो, चौघींचे ब्लाउज चिंतामणी. बॅन्डवाल्यानं मुलीकडच्या करवल्या समजून आम्हाला पुढं बोलावलं. माझ्या ब्लाउजला अस्तर नव्हतं. ते आणायला बुधवारी जायचंय, बाकीच्या तिघी तयारच आहेत.