कंसातलं प्रश्नचिन्ह

ऑर्डर्ससर्व्हिसची डिपेंडन्सी, म्हणजे तिला लागणारा दुसरा क्लास, सापडत नाही, असं नेस्टजेएस हे सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क लाल अक्षरांत सांगत होतं. पुढे कंसात नुसतं प्रश्नचिन्ह. वर सल्ला असा, की शून्य क्रमांकाचं आर्ग्युमेंट 'फंक्शन' ऑर्डर्समॉड्यूलमध्ये उपलब्ध आहे का ते बघा. अरे, पण फंक्शन मागितलंय कोणी? मला पेमेंट्ससर्व्हिस हवी होती!

तेवढ्यात आमचे आर्किटेक्टसाहेब मागे येऊन उभे राहिले. माणूस खुर्चीमागे उभा राहिला की माझी बोटं बधिर होतात.

"एक्स्पोर्ट्समध्ये टाकलंस का?"

"टाकलंय, सर."

"आणि तिकडे इम्पोर्ट्समध्ये?"

"तेही केलंय."

"इंजेक्टेबल लावलंयस?"

"हे काय, वरच आहे."

"मग चालायला पाहिजे."

मी टर्मिनलकडे बघितलं. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"फॉरवर्डरेफ लाव." तो दोन बाजू एकमेकींवर अवलंबून असल्या की लावतात. इथे पेमेंट्सला ऑर्डर्सची गंधवार्ताही नव्हती. तरी लावला. प्रश्नचिन्ह जागचं हललं नाही. "नोड मॉड्यूल्स उडव, परत टाक." उडवले. ते परत उतरेपर्यंत साहेबांनी मॉड्युलर रचनेचे फायदे सांगितले. उभ्यानेच.

फायदे मला ठाऊक आहेत हो. कामिल मिश्लिविएत्सने 2017 साली नेस्ट काढून अँग्युलर या ब्राउझरकडच्या फ्रेमवर्कची शिस्त सर्व्हरवर आणली. खाली बहुतेक वेळा तोच जुना एक्सप्रेस सर्व्हर धावतो, पण एक्सप्रेसमध्ये ज्याला जे वाटेल ते तो जिथे वाटेल तिथे लिहितो, आणि सहा महिन्यांनी तो नोकरी सोडून जातो. नेस्टमध्ये निदान कुठे शोधायचं ते कळतं. त्यासाठी नुसतं 'हॅलो' म्हणायलाही मॉड्यूल, कंट्रोलर आणि सर्व्हिस अशी तीन खात्यांची सही लागते, हे मी एरवी मुकाट सोसतो.

"कॅश असेल," असं म्हणून साहेब मीटिंगला गेले, आणि मला फाइलची पहिली ओळ नीट दिसली. 'इम्पोर्ट'च्या पुढे 'टाइप' हा शब्द. माझा नव्हता. आदल्या दिवशी कोणीतरी लिंटरला, म्हणजे कोडातल्या खोड्या काढणाऱ्या प्रोग्रॅमला, 'आपोआप दुरुस्त कर' सांगून प्रकल्पाची अख्खी रेपो झाडून काढली होती. कन्स्ट्रक्टरमध्ये पेमेंट्ससर्व्हिस फक्त टाइप म्हणून दिसते, तेव्हा लिंटरला वाटलं, ही नुसती नावापुरती आहे. पण नेस्ट तोच टाइप वाचून ठरवतं की आत काय सोडायचं. 'इम्पोर्ट टाइप' जावास्क्रिप्ट बनताना पुसला जातो, क्लासच्या जागी मेटाडेटात 'फंक्शन' उरतं, आणि नेस्ट बिचारं फंक्शन नावाचा इसम शोधत दारोदार फिरतं. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही. त्याच्या लेखी सगळं आलबेल!

शब्द खोडला. सर्व्हर उठला.

गिटच्या इतिहासात बघितलं. झाडलोटीचा कमिट साहेबांचाच. संदेश: "किरकोळ साफसफाई".

सकाळच्या स्टँडअपमध्ये ते म्हणाले, "काल आम्ही दोघांनी बसून तो डिपेंडन्सीचा प्रश्न सोडवला." बसून! माझी अर्धी दुपार गेली, त्याची नोंद कुठल्याच तिकिटावर नाही. मी त्या ओळीवर लिंटरला गप्प करणारी कॉमेंट टाकून, बदल मुख्य कोडात घ्या अशी पुल रिक्वेस्ट पाठवली. रिव्ह्यूमध्ये साहेबांचा शेरा आला आहे: "ही ओळ कशाला? नियम सगळ्यांना सारखे."

अजून मर्ज झालेली नाही.