टोमॅटोच्या फुलांना ब्रश कशाला?

"टोमॅटोची फुलं गळतात कारण मधमाश्या येत नाहीत. रोज सकाळी रंगाच्या ब्रशने एका फुलातला पराग दुसऱ्याला लावा, फळं दुप्पट लागतील, मोठी होतील आणि तळाशी काळीही पडणार नाहीत." अशा अर्थाचा सल्ला एव्हाना कुंडीत एखादं रोप लावलेल्या प्रत्येकापर्यंत पोचला असेल. त्यात थोडं तथ्य आहे, पण बराचसा मजकूर भोपळ्याकडून उसना आणून टोमॅटोला चिकटवलेला आहे.

भोपळा, काकडी, दोडका यांची नर आणि मादी फुलं वेगळी. तिथे ब्रश घेऊन नराकडून मादीकडे जाण्याला अर्थ आहे. टोमॅटोचं प्रत्येक फूल द्विलिंगी असतं, म्हणजे नर आणि मादी भाग एकाच फुलात. मधला पिवळा शंकू नीट पाहा: ते एकमेकांना चिकटलेले परागकोश आहेत आणि स्त्रीकेसर, म्हणजे फुलाचा मादी भाग, त्यांच्या आत, मधोमध उभा असतो. परागकोश आतल्या बाजूने चिरतात आणि पराग आतच सुटून कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडतो. हे सगळं बंद नळीत चालतं. ब्रश फिरतो नळीच्या बाहेरून. त्याने फळ धरलंच, तर ते ब्रश लावताना फूल हललं म्हणून.

मधमाश्यांचा मुद्दाही अर्धवटच. टोमॅटोच्या फुलात मध नसतो आणि पराग असा कोंडलेला, त्यामुळे मधमाशीला तिथे फारसं आकर्षण नाही. ते काम बंबलबी (मधमाशीची गुबगुबीत, केसाळ नातेवाईक) आणि भुंग्यांचं. ते शंकूला घट्ट धरतात, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात, आणि पराग टोकातून बाहेर उडतो. मधमाशीला हे जमत नाही. हरितगृहांत पूर्वी माणसं कंप पावणारी कांडी घेऊन घोसाघोसापाशी फिरत. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून बंबलबीच्या पेट्या ठेवू लागले. उघड्यावरच्या झाडाला मात्र वाराच पुरतो.

मग हाताने काहीच करायचं नाही का? करायचं, पण जिथे वारा लागत नाही तिथे: बंद खिडकीशी, काचेच्या खोलीत, हरितगृहात. तिथे फरक खरोखर दिसतो. फुलांच्या घोसाच्या देठाला बोटाने टिचकी मारा किंवा चालू इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ क्षणभर टेकवा. घोसाखाली काळा कागद धरलात तर फिकट पिवळसर भुकटी पडताना दिसेल. ती पडली नाही तर हवा दमट आहे, थांबा. म्हणूनच भल्या सकाळी हा खटाटोप करू नये. दव सुकल्यावर, साधारण १० ते २ या वेळात पराग मोकळा असतो. फूल दोन-तीन दिवस उमललेलं राहतं, त्यामुळे एक दिवसाआड पुरे.

"दुप्पट"चं काय? आधीच फलित झालेलं फूल पुन्हा फलित करता येत नाही. परागीभवन अपुरं होत असेल तर मात्र आत बिया कमी धरतात आणि फळ लहान, वेडंवाकडं किंवा पोकळ होतं. तेवढ्यापुरता "मोठी फळं" हा दावा खरा. पण दुसऱ्या फुलाचा पराग आणून फळ मोठं होत नाही. संकरित बी तयार करणारे पराग बाहेरून आणतात खरे, पण त्यासाठी आदल्या दिवशी कळी उघडून परागकोश चिमट्याने काढून टाकावे लागतात.

सल्ल्यात ज्याचा उल्लेखच नाही, ते फूलगळीचं नेहमीचं कारण म्हणजे तापमान. दिवसा ३५ अंशांच्या वर, रात्रीही २४-२५च्या खाली न उतरणारं, किंवा उलट रात्री १३च्याही खाली गेलेलं, यात परागच कमकुवत होतो. उष्म्यात कधी कधी स्त्रीकेसर लांबून शंकूच्या तोंडाबाहेर डोकावतो आणि आतला पराग त्याच्यापर्यंत पोचतच नाही. गंमत म्हणजे परागाचं नुकसान फूल उमलण्याच्या आठवडा-दीड आठवडा आधी, कळीतच झालेलं असतं. आज गळणारं फूल गेल्या आठवड्याच्या उन्हाचा हिशेब देत असतं. निकामी परागावर ब्रश काय करणार? त्या दिवसांत दुपारची सावली आणि वेळेवर पाणी, एवढंच हातात असतं. नत्राच्या (नायट्रोजनच्या) खताचा मारा केला असेल तर तोही थांबवा. नुसता पाला माजतो.

तळ काळा पडण्याचा परागीभवनाशी काही संबंध नाही. पाण्यात अनियमितपणा झाला की वाढत्या फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, म्हणून ते होतं.

टिचकी मारल्यावर काम झालं की नाही, हे कळायला आठवडाभर पुरतो. फुलाच्या देठावर मध्येच एक सांधा असतो. तो पिवळा पडला की फूल तिथूनच तुटणार. सांधा हिरवा राहिला, पाकळ्या सुकून मागे वळल्या आणि मधे हिरवा मणी फुगू लागला, तर फळ धरलं. त्या घोसातल्या उरलेल्या फुलांकडे वळायला हरकत नाही.