अंतराचा बहाणा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या कृष्णवर्णीयांना काम मिळत नाही, कारण नोकऱ्या त्यांच्या वस्तीपासून लांब गेल्या, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘विरार-बदलापूरची माणसं रोज दीड-दोन तास लोकलला लटकून कामाला जातात. तिथल्या काळ्यांनाच वीस मैल जड होतात? अंतर हा बहाणा आहे, खरं कारण शिक्षण. आणि एवढंच लांब पडत असेल तर घर बदलावं.’

विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर आहे, कबूल. पण लोकल आहे, पास परवडतो आणि ती पहाटेपासून धावते. डेट्रॉइटची उपनगरांतली बससेवा कित्येक वर्षं अशी होती की, ज्या गावाने बससाठीचा कर नाकारला तिथे बस जातच नसे. 2015 साली तिथल्या एका कारखाना-कामगाराची बातमी गाजली होती. गाडी बंद पडल्यापासून तो थोडं बसने आणि उरलेलं पायी जायचा. जाऊन-येऊन रोज 21 मैल चालणं. पायी! याला बहाणा म्हणायचं?

आता शिक्षण. जॉन केन या अर्थतज्ज्ञाने 1968 मध्ये मांडलं की नोकऱ्या उपनगरांत सरकल्या आणि कृष्णवर्णीयांना मात्र घरं शहरातच मिळत राहिली, म्हणून त्यांचा रोजगार घटला. तेव्हाही तुमच्यासारखाच आक्षेप आला होता. पुढे त्यांनी आणि जेफ्री झॅक्स यांनी एक कंपनी तपासली. 1974 मध्ये ती डेट्रॉइटमधून शेजारच्या डिअरबॉर्नला गेली. माणसं आधीच नोकरीत होती, म्हणजे ‘लायक नव्हते’ किंवा ‘मुलाखतीत डावललं’ हे दोन्ही मुद्दे इथे गैरलागू. कंपनी तीच, बदलला तो फक्त पत्ता. तरी प्रवास लांबलेल्या कृष्णवर्णीयांमध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण वाढलं.

मग डिअरबॉर्नलाच का नाही गेले राहायला? तिथे 1942 ते 1978 महापौर होते ऑर्व्हिल हबर्ड. गोऱ्यांचं गाव गोऱ्यांचंच ठेवणार, हे त्यांचं उघड राजकारण, आणि त्यावर ते पुन्हापुन्हा निवडून आले. डेट्रॉइटच्या आत तर एट माइल रोडजवळ 1941 मध्ये एका बिल्डरने अर्धा मैल लांब भिंतच घातली. कृष्णवर्णीय वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, आणि तशा जागी कर्जाला सरकारी हमी मिळत नव्हती. भिंत झाल्यावर मिळाली. ती अजून उभी आहे. ‘घर बदलावं’ हे वाक्य त्या भिंतीपाशी उभं राहून म्हणून बघा.

अंतर म्हणजेच सगळं, असं मात्र मी म्हणत नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड एलवुड यांनी 1986 मध्ये शिकागोचे आकडे मांडून, अडचण जागेची नसून वर्णाची आहे, असं बजावलं होतं. समाजशास्त्रज्ञ डीव्हा पेजर यांचा 2003 साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरातला प्रयोगही तेच दाखवतो. त्यांनी ठरवून काही तरुणांना नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवलं: तुरुंगवास भोगलेला म्हणून अर्ज करणाऱ्या गोऱ्यांपैकी 17 टक्क्यांना बोलावणं आलं, स्वच्छ नोंदीच्या कृष्णवर्णीयांपैकी 14 टक्क्यांना. पण मग तुमचं ‘शिक्षण’ यात कुठे बसतं? सगळ्यांची पात्रता तर मुद्दाम सारखी ठेवली होती.

1994 च्या ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’ प्रयोगाचा दाखला कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. पाच शहरांतल्या गरीब कुटुंबांना बऱ्या वस्तीत जायला मदत दिली, पण मोठ्यांचा रोजगार वाढला नाही. मात्र तिथे निकष होता वस्तीतली गरिबी. कामाची ठिकाणं जवळ आली का, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता.